सभेआधीची प्रार्थना

मोबाइलच्या पडद्यावर लेक यशोधरा माइकसमोर आली आणि तिनं हात जोडले, तशी पुढच्या रांगेतली सहा-सात माणसं उठली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"ही मानसं अशी का उभी ऱ्हायली?" सरूबाईनं नवऱ्याला विचारलं.

केरबानं मोबाइल जरा जवळ धरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

कार्ल्यात नुकतं उजाडत होतं. तिकडे अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि तिथली सभा थेट दिसत होती. यशोधरा गेली काही वर्षं ज्या लहानशा गावात नर्स होती, तिथं नगरपालिकेची सभा प्रार्थनेनं सुरू व्हायची. ती नेहमी चर्चचे पाद्री म्हणायचे. यंदा इतर धर्मांच्या लोकांनाही बोलवायचं ठरलं आणि गावातलं एकुलतं एक बौद्ध घर म्हणून हिला निमंत्रण आलं. ती का-कू करत होती. "आबा, हल्ली इथं लोक पहिल्यासारखे राहिले नाहीत. देवाधर्माचं नाव काढलं की भांडणच."

केरबानंच तिला भरीला घातलं होतं. "मानानं बोलावलंय न्हवं? मग जा की. सगळ्यांचं भलं व्हवो म्हनायला कुनाची हरकत असंल?"

हरकत होती. तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं त्याला शिवी हासडली. अध्यक्ष हातोडा आपटत राहिले, त्यांचं कुणी ऐकेना. यशोधरा थांबली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत म्हटलं. लहानपणी विहारात वंदना म्हणताना कापायचा, तसा तिचा आवाज कापत होता.

केरबानं लगेच फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी मेसेज आला: 'उद्या ड्यूटी आहे. सकाळी बोलते.' तिची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ.

रेल्वेत गँगमन म्हणून उन्हातान्हात राबलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा हात कशालाच लागेना. शेतावर गेला, तसाच परत आला. फाट्यावर चहा घेतला, अर्धा ठेवला. तिथं गावातला कोंडाजी भेटला. लेकीला परदेशात मान मिळणार, हे केरबानंच आठवडाभर गावात सांगितलं होतं.

"झालं का पोरीचं?"

"झालं. ब्येस झालं."

"टाळ्या वाजिवल्या असत्याल."

"व्हय," म्हणून केरबा उठला आणि घरी जायचं सोडून मळवली स्टेशनपर्यंत चालत गेला. तिथं काहीच काम नव्हतं.

दिवस कलताना फोन आला.

"आबा, मी बरी आहे. दवाखान्यात पोचलेय, आत चाललेय."

"पाठ फिरिवली ती कोन व्हती?"

"गावातलीच. एक तर आमचा शेजारी. दर नाताळला केक घेऊन यायचा. बाहेर आल्यावर म्हणाला, तुझ्यावर राग नाही, पण इथं प्रार्थना आमचीच झाली पाहिजे." तिनं आवाज हळू केला. "त्याची बायको माझ्याच वॉर्डात आहे. तोही आत्ता तिच्याजवळ बसलेला असेल."

"मीच पाटवली तुला. चुकलं माजं."

"प्रार्थना म्हटली त्याचं काही वाटत नाही आबा. पण आता दुकानात जायचं म्हटलं तरी आत कोण असेल हा विचार येतो."

'परत ये' हे शब्द केरबाच्या ओठावर आले होते. "आज सुट्टी टाक की," तो एवढंच म्हणाला.

"आज नको. तिची जखम आज धुवायची आहे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही ती. ठेवते."

पण फोन बंद करायचा राहिला असावा. दार उघडल्याचा आवाज आला, मग तिच्या बुटांचा. ती कुणाला तरी 'गुड मॉर्निंग' म्हणाली.

पलीकडून उत्तर आलं नाही.

बूट थांबले. मग ती पुन्हा तेच म्हणाली, पहिल्याइतक्याच सावकाश.

"कुनाशी बोलतीया?" सरूबाईनं विचारलं. केरबानं हातानंच तिला थांबवलं आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला.