मे महिन्यातली रजई

आईच्या ओठांवर आणि दोन्ही हातांवर कोड आहे. आज हुडकेश्वरला आमच्या घरी मला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून सकाळी मीच तिला म्हटलं, "आई, तू आतच राह्य. तुले ताप आहे असं सांगू." मुलगा, रजत, मला मनापासून आवडला होता आणि हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "बरं."

पोहे झाले. रजतच्या आईने, प्रेमलताबाईंनी विचारलं, "तू शिकून काय करून राहिली वं? रजतनं सांगितलं, पण मले काही समजलं नाही."

विचारायचाच अवकाश, मी सुरू झाले. आम्हा पीएच.डी.वाल्यांना तोंड आवरत नाही. शरीरात मारेकरी पेशी असतात, त्या रोग लागलेल्या पेशींना ठार करतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्यांची परीक्षा होते. जिला काहीच ओळखता येत नाही ती बाद. जी आपल्याच शरीरावर उठते तिलाही तिथेच संपवतात. तरी काही निसटतातच, म्हणून त्यांना आवरायला राखणदार पेशी असतात.

"आन् राखणदारालेबी नाही आवरली तर?"

तर ती आपल्याच कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारते, कोड येतं, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलंय. आता मी कोडाचं नाव गाळलं. "तर ती आपल्याच शरीराला मारते," मी कसंबसं म्हटलं.

"म्हणजे घरचं कोण तेच समजत नाही तिले," प्रेमलताबाई हसल्या. मला मान वर करवेना, इतकी लाज वाटली.

मग त्या उठल्या. "चाल, तुह्या आईची तब्येत पाहून येऊ." मी त्यांच्या मागोमाग गेले.

आतल्या खोलीत कूलर बंद होता. भर मे महिन्यात आई रजई नाकापर्यंत ओढून पडली होती. हे काही मी तिला सांगितलं नव्हतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं आपल्या मनानं केलं होतं. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

प्रेमलताबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "घाम आला. उतरून राहिला ताप."

"हो," रजईतून आई म्हणाली. "आता बरं वाटते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिला ताप नाही," मी म्हणाले. "कोड आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून मीच तिला आत बसवलं." आणि मी रजईत हात घालून तिचा पांढरा हात बाहेर काढला. तिला विचारलंही नाही.

आईनं हात सोडवून परत आत घेतला.

"ताप आहे मले," ती प्रेमलताबाईंना म्हणाली. "पोरीचं मनावर घेऊ नका. माही पोरगी असं करणारी नाही."