भिंतीकडची बाजू

थोरले दीर धाकटीला पाण्यात पाहत. तसं ते लग्नापासूनच होतं, पण नवऱ्याचं मनगट मोडलं आणि त्याचं पॉलिशिंगचं मशीन तिने हातात घेतलं, तेव्हापासून त्यांनी आडपडदाही ठेवला नाही.

"हे वर्कशॉप आहे की पाळणाघर?" काचेच्या केबिनमध्ये खेळणाऱ्या तिच्या लेकीकडे, चिमीकडे बघून ते रोज विचारत. काचेवर कपाळ टेकवून, डोळे वटारून. चिमीला तो खेळ वाटे, ती खदखदून हसे, आणि त्यांचं डोकं आणखी फिरे.

दोघा भावांचं मिळून गाड्या चमकवायचं वर्कशॉप. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक त्यांची, एक हिची. दिरांनी सरळच सांगितलं होतं, "काम बंद तर वाटा बंद. मी बाहेरचा कारागीर आणतो, त्याला राहायला खोली लागेल. तुमचं तुम्ही बघा." नवऱ्याने प्लास्टरमधला हात मांडीवर ओढून घेतला. मग धाकटीच म्हणाली, "मला शिकवा."

शिकवणं कसलं, उद्धार! भंगारातल्या बॉनेटवर तिने मशीन दाबून धरलं, कडेचा रंग जळून खालचा पत्रा दिसला. "पोळी शेकतेस का? मशीनचं वजन मशीनला पेलू दे!" कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, जास्त झालं तर "मुलीला पावडर फासतेस तशी फासू नकोस." पण त्या शिव्यांतूनच तिने वेचलं. पॅड फिरवायचा तो सपाट धरून. कडांना आधी टेप लावायची. जमिनीवर पडलेलं फडकं, मग ते कितीही झटका, गाडीला लावायचं नाही. त्यातला एक कण कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे काढतो. आणि शेवटी चकाकी टिकवणारा जो थर द्यायचा, त्या कोटिंगच्या आधी स्पिरिटने गाडी पुसली, की तिला उघडा हात लावायचा नाही. अंगाचं तेल लागलं तर कोटिंग धरत नाही.

आज काळी गाडी आली होती. एका वकीलबाईंची. काळा रंग म्हणजे चहाडखोर शेजारीण, काही लपवून ठेवत नाही.

"ही तू एकटीने करायची," दीर म्हणाले. "जमली तर राहा. नाही जमली तर उद्या बोचकं बांध. परत रडारड नको."

नवरा म्हणाला, "दादा, एकदम काळी गाडी..."

"तू गप. तुझा हात मोडलाय, जीभ नाही, पण वापरायची वेळ गेली."

धाकटीने सकाळी चिमीला तेल लावलं होतं. म्हणून तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, वर हातमोजे चढवले. केबिनचं दार घट्ट लावलं. स्पिरिटचा वास पोरीच्या नाकात जाऊ नये. तरी दर थोड्या वेळाने मान वळवून बघायचीच. पोरगी श्वास घेतेय ना, तोंडात काही घातलं तर नाही ना!

दुपार कलेपर्यंत बॉनेटमध्ये छताचे दिवे आरशासारखे दिसू लागले. तिने स्पिरिटने गाडी पुसून घेतली. तेवढ्यात दीर टॉर्च घेऊन आले. चोराच्या घराची झडती घ्यावी तसे ते वाकून वाकून बघत होते. बॉनेटवर, मग ड्रायव्हरच्या दाराशी, मग डिकीवर. पलीकडची बाजू भिंतीला लागून होती. तिथे त्यांचं पोट शिरेना.

"हं," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. एकही चूक सापडली नाही, म्हणून चेहरा कडू.

तिने कोटिंग लावलं. छोट्या बाटलीतले थेंब स्पंजावर, आडवे हात, मग उभे. दिरांनी परत येऊन टॉर्च मारला आणि त्यांना हवं ते मिळालं.

"हे काय?"

बॉनेटच्या मधोमध, तळहाताएवढा डाग. तिथे कोटिंग फाटल्यासारखं मागे सरकलं होतं. दारावर तसाच. डिकीवर तसाच.

"तेल! पोरीच्या अंगाचं तेल!" ते ओरडले, आणि त्यात रागापेक्षा आनंद जास्त होता. "सांगितलं होतं ना? ठेव ते मशीन. आणि तू," भावाकडे वळून, "सामान बांधायला घे!"

नवरा तिच्याकडे बघून पुटपुटला, "नीट धुवायचे होतेस गं हात."

ते वाक्य तिला दिरांच्या सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. खरंच राहिलं असेल का? नखांत? पण मोजे होते! तिने टॉर्च उचलला, वाकली. डागात बारीक बारीक समांतर रेघा होत्या. बोटांच्या नव्हत्या. जशा काही कंगव्याने ओढलेल्या.

ती भिंतीच्या फटीतून अंग चोरून पलीकडे गेली. तिकडच्या दारांवर एकही डाग नव्हता. हात तिचेच, मोजे तेच, बाटली तीच.

ती बाहेर आली ती सरळ केबिनपाशी. काचेवर टॉर्च तिरका मारला. दिरांच्या कपाळाच्या उंचीवर तसलाच ओशट ठसा उमटला होता, रेघांसकट.

"भाऊजी, इथे या."

"मला कामं आहेत."

"माझी पोर या काचेला तिथवर पोचत नाही. मीही नाही." तिने टॉर्च बॉनेटकडे वळवला. "तुम्ही चूक शोधायला जिथे जिथे डोकं टेकलंत, तिथे तिथे डाग आहे. भिंतीकडे तुम्ही शिरला नाहीत, तिकडे गाडी स्वच्छ आहे."

दिरांचा हात नकळत केसांकडे गेला. तेलाने चपचपीत, चापून बसवलेले केस. बोटांकडे बघून त्यांनी ती पँटला पुसली.

"आता माझ्या डोक्यावर बसायचं तेवढं बाकी होतं," ते गुरगुरले. "उभी काय राहिलीस? मऊ पॅड घे. कोटिंग वाळायच्या आत तेवढा भाग काढ. संध्याकाळी वकीलबाई येतील."

ती हलली नाही. "आधी खोलीचं बोला."

"काय खोलीचं?"

"सामान बांधायचं की नाही?"

नवऱ्याने मान वर केली. बॉनेटवरचं कोटिंग वाळत होतं, प्रत्येक क्षणाला घट्ट होत होतं, आणि ते दिरांना तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"राहा," ते म्हणाले. थुंकल्यासारखं.

तिने मशीन उचललं. मग थांबून स्टँडवरचं धुतलेलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते हिसकावलं, डोक्याला करकचून बांधलं आणि गाडीपासून दूर जाऊन उभे राहिले. केबिनमध्ये चिमी त्यांचा तो अवतार बघून टाळ्या वाजवायला लागली.

"एक ओरखडा दिसू दे फक्त," दीर म्हणाले.

"दिसला तर सांगा," धाकटीने पॅड बॉनेटवर सपाट टेकवला. "तिथूनच."