तबकडीवरची फुली

आमच्या संग्रहालयाच्या संचालकाला मी मनातल्या मनात ‘प्रकाशवर्ष’ म्हणते. प्रकाशवर्ष हे अंतर असतं, काळ नव्हे, एवढीही अक्कल त्याला नाही. ‘शेकडो प्रकाशवर्षांपूर्वीची माणसं अडाणी होती,’ असं तो तोंड वर करून सांगतो आणि पाहुणे माना डोलावतात. तेही त्याच माळेतले मणी.

खगोलशास्त्राच्या नव्या दालनात त्याला माणसाच्या चुका दाखवायच्या होत्या. पहिली चूक म्हणून त्याने निवडली माझ्या बाबांनी बनवलेली, जुन्या लोकांच्या कल्पनेतल्या विश्वाची पितळी प्रतिकृती. मधे पृथ्वी, भोवती चंद्र, सूर्य, ग्रह, एकूण एकोणचाळीस चाकं. बाबांची सात वर्षं गेली तिच्यात. जुन्या लोकांना दिसलं होतं की मंगळ चालता चालता थांबतो, मागे फिरतो, पुन्हा पुढे निघतो. म्हणून त्यांनी मोठ्या चाकावर छोटं चाक बसवलं, आकाशाशी ताडून पाहिलं, जुळेना तेव्हा पुन्हा खटपट केली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. प्रकाशवर्षाने उभ्या जन्मात एकदा मंगळ पाहिला असेल तर शपथ.

त्याचा हुकूम आला, बाबांच्या प्रतिकृतीच्या तबकडीवर लाल फुली मारा. मी म्हटलं, शेजारच्या प्रतिकृतीत सूर्य मधे आहे खरा, पण ग्रहांच्या वाटा अजून गोलच आहेत, लंबवर्तुळं नंतर कळली. मग तिलाही मारू का? तो म्हणाला, लोकांचा गोंधळ होतो. दुरुस्ती विभागात माझ्या जागी यायला पुष्कळ जण टपलेत, हेही गोड हसून ऐकवलं. मी ब्रश उचलला.

घरी अवाक्षर काढलं नाही. बाबांच्या नजरेला ती फुली पडू नये, एवढंच मला हवं होतं. तुमचे गुडघे दुखतायत, गर्दी असेल, नाही नाही ती कारणं पुढे केली. पण उद्घाटनाच्या सकाळी ते माझ्या काकांचा हात धरून हजर.

प्रकाशवर्ष त्यांना ओळखत नव्हता. त्याने अडाणी माणसांचं पुराण लावलं. बाबांनी शांतपणे विचारलं, मंगळ मागे का फिरतो? तो म्हणाला, सगळं फलकावर लिहिलंय, वाचा. मला त्याची अशी किळस आली की तिथेच त्याची बिनपाण्याने करावी असं वाटलं. पण नोकरी आठवली.

तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला. बाबांनी चष्मा पुसला आणि फुलीच्या कडेला नख लावलं. रंगाचा पापुद्रा अलगद सुटून आला. खालचं पितळ लख्ख होतं. मी आधी मेण चोळून ठेवलं होतं, हा संचालक गेला की फुली निघावी म्हणून.

“तूच मारलीस,” बाबा म्हणाले.

“हो. पण खाली मेण आहे, बाबा. ओरखडासुद्धा राहणार नाही.”

त्यांनी तो पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला.

“ती माणसं चुकली, कारण त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.”

मग काकांचा हात धरून ते शेजारच्या प्रतिकृतीकडे गेले. मला ये म्हणाले नाहीत.