दोन हजारांच्या पुढचा काटा

रतन तायडेंनी गाडीच्या टपाला दोन्ही तळहात लावले आणि ती गदागदा हलवली. टाकीच्या तोंडाशी आलेला डिझेलचा फेस बुडबुडत खाली बसला.

"घाला अजून," ते पंपावरच्या माणसाला म्हणाले.

"साहेब, कट झालं ना."

"कट झालं म्हणजे हवा भरली. डिझेल नाही. घाला."

पुन्हा थोडं गेलं, पुन्हा फेस आला, पुन्हा गाडी हलली. बिबवेवाडीतल्या त्या पंपावर सकाळीच रांग लागली होती आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर अंगठा ठेवून बसला होता, पण तायडेंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मागच्या सीटवर त्यांची बायको हिराबाई पाळण्यात बसल्यासारखी डोलत होती. शेजारी मुलगी पूर्वा कपाळाला हात लावून बसली होती. गाडी खरं तर पूर्वाची. हिंजवडीतल्या नोकरीचा पगार हातात खेळायला लागल्यावर तिने ती घेतली होती. पण पुसायचे बाबा, चालवायचे बाबा आणि लोकांना सांगायचेही बाबाच.

सांगायचं म्हणजे अ‍ॅव्हरेज. "बावीस देते," असं तायडे कुणी न विचारताही सांगत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला बोलायला काहीतरी लागतंच. सोसायटीतल्या बाकावर कुणी गुडघ्यांबद्दल बोलायचं, कुणी अमेरिकेतल्या नातवाबद्दल. तायडे बावीसबद्दल बोलायचे.

त्या बावीसवर विश्वास नसलेला एकच माणूस सोसायटीत होता आणि तो या क्षणी पंपाच्या खांबाला टेकून, हात मागे बांधून, टाकी भरताना बघत होता. मोघे. बँकेतून निवृत्त, स्वतःच्या गाडीच्या इंधनाचा हिशेब वहीत लिहिणारे. गाडी आली त्या दिवशी यांनीच पेढा तोंडात टाकत म्हटलं होतं, "वा, छान. नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणजे झालं." पेढा दुसराही घेतला होता. तायडे ते वाक्य विसरले नव्हते.

गेल्या रविवारी बाकावर मोघ्यांनी अट घातली होती.

"सपाटीवर काय हो, बैलगाडीसुद्धा देते. घाट चढवा. माणसं बसवा. जाताना टाकी माझ्यासमोर भरा, आल्यावर माझ्यासमोर भरा. मग बोला बावीस."

म्हणून आज पाचगणी. हिराबाईंना पाचगणी बघायची होती हेही खरं, पण ती इच्छा जुनी होती आणि मुहूर्त मात्र मोघ्यांमुळे लागला होता. आकडा खोटा ठरला तर गाडीच खोटी ठरेल, आणि गाडी खोटी ठरली तर पोरीचं कर्तृत्वही कुणीतरी मोजून कमी करेल, असं तायडेंना मनापासून वाटत होतं.

"निघा आता," मोघे म्हणाले. "उतारावर इंजिन बंद करू नका म्हणजे झालं. अ‍ॅव्हरेजच्या नादात दरीत जाल."

तायडेंचे गाडी चालवण्याचे नियम ठरलेले होते. सिग्नलला इंजिन बंद. एसी नाही. काचा अर्ध्याच उघडायच्या, कारण पूर्ण उघडल्या तर वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. आणि सगळ्यात मोठा नियम, समोरच्या तबकडीतला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. काटा पुढे गेला की इंजिन डिझेल पितं.

मे महिना होता. शिरवळच्या पुढे हिराबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

"बाबा, पंच्याहत्तर हॉर्सपॉवरचं इंजिन आहे," पूर्वा म्हणाली. "त्यातली पंधरासुद्धा तुम्ही वापरत नाही. टर्बो सुरूच होत नाही हो दोन हजारांच्या खाली."

"दाराशी घोडे आहेत म्हणून रोज पळवायचे नसतात."

"मग घ्यायचे कशाला?"

"असावेत."

हिराबाई हसल्या. गरम होतंय हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

वाई मागे पडली आणि पसरणीचा घाट लागला. रस्ता डोंगराला वळसे घालत चढायला लागला तशी गाडी घुमायला लागली. काटा पंधराशेच्या आसपास. गाडी चढत होती, पण कुरकुरत. तायडे गिअर खाली आणायला तयार नव्हते. एका अवघड वळणावर पुढचा ट्रक रेंगाळला. तायडेंनी वेग कमी केला, गिअर तोच ठेवला, आणि गाडीने दोन आचके दिले व बंद पडली.

हँडब्रेक ओढेपर्यंत मागे हॉर्न सुरू झाले. तायडेंच्या कानशिलांवरून घाम ओघळला. त्यांनी किल्ली फिरवायला हात घातला तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"तुम्ही घ्या पुढे," हिराबाई बाहेरून म्हणाल्या. "मी येते चालत."

"आई!" पूर्वा ओरडली. "अगं कार आहे ही! बस आत!"

पण हिराबाईंनी पदर कमरेला खोचलाही होता आणि रस्त्याच्या कडेने त्या चढायला लागल्या होत्या. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. चढ आला, गाडी अडली, की आपण उतरायचं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

तायडेंकडे वर्षानुवर्षं मोपेड होती. अकोल्याहून पुण्यात आल्यावर घेतलेली. मंडईतून भाजी घेऊन दोघं निघाले की स्वारगेटपर्यंत ती बिनतक्रार यायची. घराजवळच्या अप्पर वस्तीच्या चढाशी मात्र दोघांना ओढायची नाही. मग हिराबाई उतरायच्या. पिशव्या मोपेडला अडकवून तायडे वर जायचे आणि टोकाला थांबायचे. थांबले की वाकून इंजिन तापलंय का ते हाताने बघायचे. थोड्या वेळाने पाठीमागे चपलांचा आवाज यायचा, सीट खचायची, की ते निघायचे. ती चढते कशी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमीच पुढे असायचे.

आज ती पुढे होती आणि ते मागे. समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. एक हात गुडघ्यावर दाबून ती पाऊल उचलत होती. चार पावलं झाली की थांबायची, कंबर सरळ करायची, कुणी बघत नाही ना असं दरीकडे तोंड करून उभी राहायची आणि मग पुन्हा गुडघ्यावर हात. तायडेंना गलबलून आलं. इतकी वर्षं आपण तापलेल्या इंजिनाला हात लावून बघत होतो, याची त्यांना लाज वाटली.

"बाबा, मागे लाइन लागलीय," पूर्वा हळूच म्हणाली.

त्यांनी गाडी सुरू केली. पहिल्या गिअरवर हिराबाईंच्या शेजारी आणली आणि वाकून पुढचं दार उघडलं.

"बस."

"चढेल का पण?"

"बस तर. पुढे बस, माझ्याजवळ."

त्या बसल्या. तायडेंनी चारी काचा वर घेतल्या. एसीचं बटण कुठे आहे ते त्यांना क्षणभर सापडेना, पूर्वाने मागून हात लांब करून दाबलं. मग त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा पंधराशेवर आला, अठराशेवर आला. दोन हजारांवर तो नेहमीसारखा थांबेल असं वाटलं, पण तायडेंनी पाय उचलला नाही.

मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी निघाली. इंजिनाची कुरकुर गेली, वेगळाच भरदार आवाज यायला लागला. वळण संपून रस्ता सरळ झाला, समोर मोकळा दिसला, आणि रेंगाळणारा ट्रक खिडकीतून मागे सरकत गेला. हिराबाईंनी दाराची कडी घट्ट धरली होती.

"अहो!"

"काय?"

त्यांनी कडी सोडली. तोंडावर पदर धरून त्या हसत होत्या.

"काही नाही. दाबा अजून."

तायडेंनी आरशात पोरीकडे पाहिलं. ही गाडी हिने आणलीय, ते स्वतःला म्हणाले. आपल्या पोरीने. छाती अशी भरून आली की बावीस आठवायलाही त्यांना वेळ लागला.

संध्याकाळी ते पंपावर आले तेव्हा मोघे हजर होते. या वेळी गाडी मोघ्यांनीच हलवली आणि पार फेस बसेपर्यंत डिझेल घालायला लावलं. मग मोबाइलवर भागाकार केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा एकदा केला.

"सोळा," ते म्हणाले. "रतनराव, सोळा."

"बरोबर."

"आपण बावीस म्हणत होता."

"म्हणत होतो." तायडे टपावर कोपर ठेवून उभे राहिले. आवाज इतका मोकळा होता की रांगेतली माणसं वळली. "सोळा देते. सांगा सगळ्यांना. पसरणीचा अख्खा घाट एसी लावून चढली. ट्रक मागे टाकले. उद्या बाकावर मीच सांगतो पाहिजे तर."

मोघ्यांच्या जिभेवर काहीतरी होतं. ते बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पुढच्या सीटवर गेली. दिवसभराच्या प्रवासानंतरही हिराबाईंचा चेहरा टवटवीत होता.

"काय वहिनी, उकडलं नाही वाटतं?"

"थंडी वाजली, भाऊजी," हिराबाई म्हणाल्या. "शेवटी शालच घेतली."

मोघे हसले नाहीत. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. तायडे गाडीत बसायला लागले तेव्हा त्यांनी दारावर हात ठेवला.

"रतनराव, पुन्हा जाल तेव्हा आमच्या हिलाही न्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमची गाडी एकोणीस देते."