परत न आलेले वाडगे

घरातली सगळ्यात चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. जपानमधल्या कानाझावा शहरातल्या फुमिएलाही कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरी मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप रोज प्लास्टिकच्या वाडग्यांतून वाढलं जायचं. ते पडले तरी फुटत नाहीत, यंत्रात टाकले की धुऊन निघतात, आणि रंग असा की लांबून पाहणाऱ्याला खऱ्या रोगणाचेच वाटावेत. लाकडावर रोगणाचे थर चढवलेले खरे पाच वाडगे मात्र वरच्या कपाटात, लाकडी पेटीत, मऊ कागदात गुंडाळून ठेवले होते. तिच्या वडिलांनी ते स्वतःच्या हातांनी तयार केले होते आणि लग्नात तिला दिले होते.

त्या हिवाळ्यात वडिलांनी, म्हणजे तोकुझोंनी, वाजिमा गावातला आपला वाडग्यांचा छोटासा कारखाना बंद केला आणि ते लेकीकडे राहायला आले. सामान म्हणजे कपड्यांचं एक बोचकं आणि जुन्या रुमालात गुंडाळलेला रोगण लावायचा ब्रश. फुमिए म्हणाली, आता इथे कशाला हवा हा? म्हातारा म्हणाला, असू दे, लागेल.

पहिल्या रात्री तिने नेहमीसारखंच जेवण वाढलं. तोकुझोंनी वाडगा दोन्ही तळव्यांत धरला, नखाने हलकेच टिचकी मारली आणि सूप निमूटपणे पिऊन टाकलं. छान झालंय, एवढंच म्हणाले. फुमिएच्या मनाला ती टिचकी लागली. जन्मभर ज्याने उरुशीच्या झाडाचा चीक थरावर थर चढवून वाडगे केले, त्याच्या हातात आपण काय दिलं!

दुसऱ्या दिवशी तिने पेटी खाली काढली आणि मोठ्या अभिमानाने वडिलांपुढे ठेवली.

"बघा बाबा, एक ओरखडा नाही. तुम्ही दिलेत तसेच्या तसे!"

तोकुझोंनी एकेक वाडगा कागदातून काढला. काठावरून अंगठा फिरवला, उलटा करून बूड पाहिलं. पाचही पाहून झाले तसे ते पुन्हा कागदात गुंडाळून ठेवले.

"जपलेस," ते म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसले. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

फुमिएला वाईट वाटलं आणि मग रागही आला. लोकांच्या घरी अशा वस्तू धूळ खातात, मुलं आपटतात, कोणी भंगारात काढतं. आपण इतकी वर्षं फुलासारखे सांभाळले आणि त्याचं फळ काय, तर हे तोंड फिरवणं! नवऱ्याजवळ तिने कुरकुर केली. तो म्हणाला, म्हातारपणी माणसं हट्टी होतात, मनावर घेऊ नकोस. पण तिने घेतलं होतंच.

आठवडाभराने वाजिमाहून किकुनो डोळे दाखवायला शहरात आली आणि सुकवलेली मासळी घेऊन घरी उतरली. तोकुझोंच्या कारखान्यात रोगणाचे खालचे थर दगडाने घासून गुळगुळीत करण्याचं काम तिने अर्धा जन्म केलं होतं. जीभही त्या दगडासारखीच. तोकुझो वामकुक्षी घेत होते. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून दोघी चहा प्यायल्या, आणि फुमिएने सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे ओतलं.

किकुनोने पेटी उघडली, पाहिली, आणि झाकण लावलं.

"वाडग्याच्या काठाला आणि बुडाला रोगणाखाली कापड का चिकटवतात, ठाऊक आहे तुला?"

"मजबुतीसाठी."

"काठाला माणसाचे ओठ लागतात, बूड टेबलाला घासतं. झिजायची जागा ओळखून तुझा बाप आधीच बंदोबस्त करून ठेवायचा. वरचं रोगण झिजलं की वाडगा आमच्याकडे परत यायचा, नवा थर चढून घरी जायचा. आईचा वाडगा लेकीला व्हायचा. आमची चूल नव्या मालापेक्षा या परत येणाऱ्यांवर पेटायची, बाई."

"मग?"

"मग लोकांना आमचं कौतुक वाटायला लागलं. आधी म्हणाले, रोज नको, सणाला काढू. मग म्हणाले, सणालाही नको, खराब होतील. गावच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात मांडलेत, बघितलेस ना? सुकून तडकू नयेत म्हणून शेजारी पाण्याची वाटी ठेवतात. वाडग्याला पाणी पाजायला माणूस नेमला, पण त्यात सूप ओतायला कोणी तयार नाही."

किकुनोने कप खाली ठेवला.

"गावाचं सोड. तुझा बाप तुझ्या पाचांची वाट बघत होता. दर साली थोडं चांगलं रोगण बाजूला काढायचा, म्हणायचा, लेकीचे येतील. आले नाहीत. मग म्हणायला लागला, माझं काम फसलं असेल, वाडगे तडकले असतील, पोर लाजेपोटी सांगत नसेल. इतकी वर्षं तो हेच उराशी धरून होता ग. आणि तू त्याला पेटी उघडून एकदाही न वापरलेले वाडगे दाखवलेस!"

"पण मी तर जपत होते, काकू."

"जपलेस खरे. वाडगे जपलेस."

फुमिएने पेटी जवळ ओढली. वाजिमात वडिलांच्या गल्लीतले एकेक कारखाने बंद पडले, तेव्हा आपण हळहळलो होतो, जमाना वाईट आला म्हणालो होतो. तो जमाना तर आपल्याच कपाटात होता!

त्या रात्री तिने बुरी मासा आणि मुळा घालून सूप केलं आणि त्या वाडग्यांत वाढलं. तोकुझोंनी वाडगा उचलला. सूप वाफाळत होतं, पण तळव्याला चटका बसत नव्हता. ते सावकाश प्यायले, शेवटचा थेंबही ठेवला नाही.

"थोडं कमी मीठ घाल," ते म्हणाले. फुमिए रडायचीच बाकी होती.

मग रोज तेच वाडगे. हात लागून लागून त्यांची चकाकी खोल झाली. एका सकाळी धुताना ओला वाडगा फुमिएच्या हातातून निसटला आणि नळावर आपटला. काठावर बारीकसा ओरखडा उठला. ती तो घेऊन चोरासारखी वडिलांपुढे उभी राहिली. तोकुझोंनी ओरखड्यावर अंगठा ठेवला. त्यांचा चेहरा उजळला.

"आता हा परत येईल," ते म्हणाले.

त्यांनी ब्रश मागितला. तिने रुमालाची गाठ सोडून तो त्यांच्या हातात दिला. पण हात इतका थरथरत होता की ब्रश बोटांत ठरेना. त्यांनी तो पुन्हा नीट गुंडाळला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अजून झिजू दे. मग बघू."

बर्फ वितळायच्या आधी ते गेले.

फुमिएने वाडगे परत पेटीत ठेवले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या ओरखड्याच्या वाडग्याचं रोगण काठाशी पार झिजलं आणि खालचं कापड दिसू लागलं. वडिलांनी घातलेलं, याच दिवसासाठी घातलेलं. ती तो पदराआडच्या लेकरासारखा जपून वाजिमाला घेऊन गेली. कारखान्याला कुलूप होतं. शेजारच्या दारात वाकलेली किकुनो बसली होती. तिला आता नीटसं दिसत नव्हतं. तिने वाडगा हातात घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला.

"तोकुझोचा," ती म्हणाली. "आला ग परत." आणि थोड्या वेळाने, "उशीर झाला."

मंडळी, कारागीर उपासमारीने मरतो हे आपण जाणतो. तो कौतुकानेही मरतो. ज्याच्या हातच्या वस्तूचा अभिमान वाटतो, ती आज कपाटातून काढा, वापरा, झिजवा, आणि तो आहे तोवर त्याच्याकडे दुरुस्तीला न्या. त्याला हार नको असतात, काम हवं असतं.

फुमिएच्या कपाटात ती लाकडी पेटी अजून आहे. वाडगे बाहेर असतात. आत रुमालात गुंडाळलेला ब्रश आहे.