मोजणीच्या आठवड्यातलं मटण

"दावं कोनं सोडलं?" सत्यभामा अंगणात उभी राहून ओरडली. "मी इचारून राह्यली, बकरीचं दावं कोनं सोडलं?"

तिचा नवरा पुंडलिक बाजेवर बसून तंबाखू मळत होता. "तुटलं असंन," तो म्हणाला.

"तुटलं! आपोआप! तुमची थे तंबाखू तं कधी तुटत नाई!"

भांडून उपयोग नव्हता. बकरी गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, विठ्ठलरावाच्या खळ्यावर जाऊन सोयाबीनच्या ढिगात तोंड घालून आली होती. पोटभर कोरडी सोयाबीन, त्यावर हौदातलं पाणी. पोट असं फुगलं की हात मारावा तर ढोलकी वाजावी. तेल पाजलं, ओवा पाजला, हिंगाचं पाणी पाजलं. ढोरायचा डॉक्टर दारव्ह्याला, अन् रविवार असल्यानं त्याचा फोन बंद. बकरीनं डोळे फिरवले तसा शेजारचा हिरासिंग सुरा घेऊनच आला.

"वहिनी, जीव जायच्या आंधी कापू द्या. नाई तं समदंच मातीत जाईन."

कापली. निम्मं मटण शेजारपाजाऱ्यांनी नेलं, निम्मं घरात शिजलं. सत्यभामानं रडत रडत फोडणी दिली अन् रडत रडतच खाल्लं. वास चांगला सुटला होता, खोटं कशाला बोला.

ती बकरी काही साधीसुधी नव्हती. तीन वर्षांमागं एका संस्थेनं गावातल्या अकरा गरीब घरांना एकेक बकरी दिली होती. हिची पिलं दुखण्याखुपण्यात अन् पोरीच्या लग्नात गेली, ही तेवढी उरली होती. आता संस्था पुढच्या टप्प्यात पीठगिरणी देणार होती, पण ज्यांची गरिबी अजून हटली नाही त्यांनाच. हटली की नाही, ते मोजायला बाई यायची होती. सत्यभामाचा सारा जीव त्या गिरणीत अडकलेला. गावात गिरणी नाही, मूठभर दळणासाठी बायांना बोरी अरब गाव गाठावं लागतं. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. काळ्या रानात भेगा चुकवत, ओटीत कापूस वेचत दिवसभर वाकायचं म्हणजे संध्याकाळी घरी येताना भिंत धरावी लागे. गिरणी आली असती तर बसून पोट भरलं असतं.

मंगळवारी मोजणीची बाई आली. अनघा नाव, यवतमाळची, कोवळी पोर, हातात टॅब. ती येणार म्हणून पुंडलिकनं सकाळीच विठ्ठलरावाकडून दोन खुर्च्या, टेबलफॅन अन् फुलाफुलाच्या कपबशा आणून ठेवल्या होत्या. दारात पाहुणी यावी अन् तिला पोत्यावर बसवावं, ही कुठली रीत? विठ्ठलरावाच्या खुर्च्या गावातल्या दर सोयरिकीला हजर असतात, अन् पाहुण्यालाही ते ठाऊक असतं. या पाहुणीला ठाऊक नव्हतं.

"खुर्च्या आहेत, पंखा आहे," अनघा टॅबवर बोट टेकवत म्हणाली.

"बाई, आमच्या नोहे त्या. विठ्ठलरावायच्या होय. तुमी येनार म्हून आनल्या."

"ताई, इथे फक्त 'घरात दिसतं का' एवढंच विचारलंय. बरं, गेल्या सात दिवसांत डाळ किती वेळा खाल्ली?"

"दोनदा."

"अंडी?"

"नाई बा."

"मटण?"

सत्यभामा खोटं बोलणारी बाई नव्हती. "तीनदा. रविवारी दोन टाइम, काल एक टाइम."

अनघानं मान वर केली. "आठवड्यात तीनदा मटण?"

"अवं बाई, बकरी गेली ना! तुमच्याच संस्थेनं देल्ली होती थे! पोट फुगलं म्हून कापली. हौसेनं खाल्ली काय आमी?"

अनघानं टॅब तिच्यापुढं धरला. "मला कळतंय, ताई. पण कारण लिहायला जागाच नाही यात. आकडाच टाकता येतो."

"मंग आता बकरी नाई, थे कुठं लिवता?"

"लिहिलं ना, जनावरं शून्य. पण त्याला दोनच गुण आहेत. खाण्याला दहा."

महिन्याभरानं चिठ्ठी आली. कुटुंब गरिबीतून वर आलं आहे, दिग्रसला बुधवारी सत्कार आहे, दोघांनी यावं.

पुंडलिकनं चिठ्ठी दोनदा वाचली. "वर आलो म्हंते. कुठून वर आलो व? हिरीतून?"

"तुमी बोलूच नोका," सत्यभामा म्हणाली. "खुर्च्या कोन आनल्या होत्या?"

"आन् मटनाचं कोन सांगतलं?"

रागानं तिचे कान तापले. गरिबी होती तेव्हा कोणी विचारलं नाही अन् एक दिवस वाटीत रस्सा दिसला तर गावभर डांगोरा! पण ती गेली, पुंडलिकलाही घेऊन. मजुरी बुडवून, सकाळी निस्ता काळा च्या पिऊन, एसटीनं गेली.

मंडपात संस्थेचे मोठे साहेब होते, कपिल नावाचे. त्यांनी नाव पुकारलं, शाल पुढं केली. सत्यभामानं हात मागं घेतला.

"मले नाई पायजे. आमी वर नाई आलो साहेब. आमची बकरी मेली, थेच आमी खाल्ली, आन् तुमी लिवलं का आमी सुधरलो. उद्या नवरा मेला आन् तेरवीचं गोड जेवलो, तं काय श्रीमंत झालो म्हनसान?"

मंडपात हशा पिकला. मागच्या बाया मात्र हसल्या नाहीत. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कोपऱ्यातल्या अनघाकडं पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, त्या सांगतात ते खरं आहे. मी विचारलं होतं. फॉर्ममध्ये बसलं नाही."

साहेब सत्यभामाकडं वळले. "ठीक आहे ताई. गिरणीच्या यादीतून नाव काढत नाही अजून. येत्या शनिवारी फेरमोजणी करू. प्रश्न तेच राहतील, सात दिवसांचेच. फॉर्म काही मला बदलता येत नाही."

एवढंच पदरात पडलं. शाल न घेता ती खाली उतरली. मंडपामागं जेवणाच्या ताटल्या मांडल्या होत्या. पुरी, पनीर, मसालेभात, गुलाबजाम. साहेब मागून आले, माणूस वाईट नव्हता. "राग सोडा ताई. जेवल्याशिवाय जायचं नाही."

सत्यभामानं बोटांवर दिवस मोजले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"साहेब, हे जेवन सात दिसांत येते ना?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

पुंडलिकनं तोवर गुलाबजाम उचलला होता. तोंडाशी नेलेला.

"ठेवा थो!" सत्यभामा खेकसली. "शनवारपावेतो काईच गोडधोड खायचं नाई."