दत्तमंदिरासमोरचा अखंड पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा पट्टा आहे. मुलुंड पूर्वेला, दत्तमंदिरासमोरच्या रस्त्याच्या मधोमध पसरलो आहे.

माझा जन्म विस्तवावर झाला. भट्टीत वितळवलेला दाट रंग कामगारांनी डांबरावर सोडला आणि वर काचेचे बारीक मणी शिंपडले. गाडीच्या दिव्याचा उजेड पडला की मी उजळतो, तो त्यांच्यामुळे. देवळाच्या अलीकडे माझे भाऊ तुटक आहेत. समोरचा रस्ता मोकळा असेल, तर त्यांना ओलांडून पुढच्या गाडीला मागे टाकता येतं. मी मात्र अखंड. देवळाशी वळण आहे, पलीकडचं दिसत नाही. म्हणून मला ओलांडायचंच नाही.

गाडी शिकवणारे मास्तर माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ही लक्ष्मणरेषा समजा." केवढा फुगायचो मी! पुढे पाइपासाठी रस्ता खणला, त्यात माझा मधला तुकडा गेला. वर नुसतं डांबर थापलं. आता लोकांना वाटतं, मीही तुटकच. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास उरला नाही. प्रत्येक चाक मला चोर वाटतं. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त संशय भाविकांचा. देऊळ आलं की काहीजण चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून नमस्कार करतात!

एकदा लाल 'एल' लावलेली छोटी गाडी येऊ लागली. चालवायला कुंदाताई, शेजारी त्यांची मुलगी श्रुतिका. ताईंच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हटलं, ही बाई सोडणार हात.

सोडलेच! मान देवळाकडे, हात जोडलेले आणि चाक माझ्या अंगावर. इतक्यात वळणातून बस आली. श्रुतिकाने स्टिअरिंग ओढलं, गाडी डावीकडे जाऊन बंद पडली.

"ओ मावशी, वर जायची घाई आहे काय?" बसवाला ओरडून गेला.

"आई, वाट लागली असती ना आत्ता!"

"अगं, दत्तासमोरून तशीच जाऊ? बरं दिसतं का ते?"

"देवाला सगळं दिसतं गं, वळणातून येणाऱ्या बसवाल्याला नाही दिसत. पुन्हा हात सोडलास ना, तर चावी माझ्याकडे. मग आजीला कीर्तनाला आणायचं विसर."

कुंदाताईंचा चेहरा उतरला. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांच्या सासूबाईंना, शेवंतीआजींना, रिक्षात चढता येत नव्हतं. वर्षभर कीर्तन अंतरलं होतं. त्यांना पुन्हा बुवांसमोर बसवायचं, एवढ्यासाठी ही सून पन्नाशीत गाडी शिकत होती. कीर्तन रंगलं की टाळांच्या ठेक्याने माझेसुद्धा उरलेसुरले मणी थरथरतात, त्यामुळे आजींची तहान मला कळली. पण विश्वास? तो नाही हं बसला.

परवाना मिळाला. दत्तजयंतीच्या संध्याकाळी गाडी आली. शेजारी आजी! माझ्या अंगावर काटाच आला. नवी चालक, त्यात शेजारी भक्तीचा पूर. देवळातून मृदंगाची थाप आली आणि कुंदाताईंचा एक हात स्टिअरिंगवरून सुटला. मनात म्हटलं, झालं!

"कुंदा, हात खाली!" आजी कडाडल्या. "तू गाडी सांभाळ. तुझा नमस्कार मी करते."

त्यांनी हात जोडले. एकदा स्वतःसाठी, मग सुनेसाठी. गाडी मला न शिवता सरळ पुढे गेली, मोकळ्या जागेत थांबली. सून सासूला धरून, सावकाश, कीर्तनाला निघाली.

मित्रांनो, तुम्हीही उद्या गाडी चालवाल. देऊळ आलं तर नमस्कार मनात करा, नाहीतर गाडी नीट थांबवून, उतरून करा. हात मात्र स्टिअरिंगवर असू द्या. आणि जमलं तर मोठ्यांना सांगून माझा गेलेला तुकडा रंगवून घ्या. तोवर माझा डोळा लागणार नाही. हा बघा, एक टेम्पो येतोय. काचेमागे झेंडूचा हार आहे. बघू दे आधी, याचे हात कुठे आहेत ते.